वेड्यांच्या नोंदवहीतला गांजा

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे नव्याने दाखल झाली. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग लिहिलेली होती. सहांतला एक वेडा या एका झाडापायी वेडा झाला, असे सरकारी दप्तर सांगत होते. हा आकडा आता कुणाच्या लक्षात नाही, पण त्याच्या आधाराने पक्का झालेला समज घराघरांत शाबूत आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या सॅकमध्ये पुडी सापडते आणि त्या दिवसापासून घरचे, वसतिगृहातले, शेजारपाजारचे त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागतात. तो किती ओढतो, कधीपासून ओढतो, कशामुळे ओढतो, हे कुणी विचारत नाही. मुलगा हातचा गेला, एवढे ठरून जाते. मुलीच्या बाबतीत तर तेवढीही वाट पाहिली जात नाही. ही नफरत आपल्याकडे पूर्वापार चालत आलेली आहे, पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाचे ते शहाणपण आहे, असे आपण धरून चालतो. इतिहास तपासला तर तसे दिसत नाही. गांजा ओढणाऱ्याबद्दलची नाराजी जुनी आहे यात शंका नाही. पण त्याला वेडा, गुन्हेगार आणि समाजातून उठलेला माणूस ठरवणारा आजचा कडक कलंक जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे. तो सरकारी कागदावर घडला, आणि त्याचा भार पदार्थापेक्षा तो पदार्थ हातात असलेल्या माणसाच्या ऐपतीवर अवलंबून राहिला, असे माझे म्हणणे आहे.

आधीची स्थिती काय होती याचा एक चांगला साक्षीदार गोव्यात होऊन गेला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निझामशहावर त्याने उपचार केले, आणि १५६३ मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे नोकर त्याच्या नकळत भांग घेत. कामाचा शीण वाटत नाही, मन खूश राहते आणि भूक लागते, असे त्यांनी त्याला सांगितले. बालाघाटात आपल्यासोबत असलेल्या एका पोर्तुगीज विदूषकाची हकिगतही तो देतो. भांगेच्या पाकाचे एक-दोन तुकडे खाऊन हा माणूस आधी बरळू लागला आणि मग रडू लागला. मोठे सरदार झोप यावी म्हणून ती घेत, हेही ओर्ता नोंदवतो. ओर्ताला या गोष्टीचे कौतुक नाही, पण तिची भीतीही नाही. घेणारा नोकर आहे, विदूषक आहे, सरदारही आहे, आणि कुणालाच तो बिघडलेला म्हणत नाही. पुढे तीन शतकांनी, १८९३-९४ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानावर एक टिपण लिहिले. शंकराला वाहिली जाणारी, शिवरात्रीला आणि होळीला घोटली जाणारी, बैराग्या-गोसाव्यांच्या साधनेचा भाग असलेली ही वनस्पती बंद केली तर लोकांना मोठे दुःख होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. विदर्भातले एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. दासगणू महाराजांनी १९३९ च्या सुमारास रचलेल्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथात काशीहून आलेला एक गोसावी शेगावात गांजाचा नवस फेडतो असा प्रसंग आहे. संत गजानन महाराजांनी भक्ताच्या प्रेमापोटी त्याचा स्वीकार केला, ते स्वतः मात्र त्यापासून अलिप्त राहिले, असा खुलासा ग्रंथकार लगेच करतात. गोसाव्याच्या मनात नवस बोलताना किंतु नव्हता. खुलाशाची गरज ग्रंथ वाचणाऱ्या विसाव्या शतकातल्या समाजासाठी होती. मधल्या काळात काय बदलले, ते या खुलाशामुळे नेमके समजते.

याचा अर्थ पूर्वी गांजाला प्रतिष्ठा होती असा नाही. गांजेकस ही शिवी इंग्रजांनी दिलेली नाही. घरदार सोडून चिलीम ओढत बसणाऱ्याला गावाने कधीच मान दिला नाही, आणि द्यावा असेही कुणी म्हणणार नाही. पण गावाची ही नाराजी माणसाच्या वागण्यावर होती. शेतावर राबून संध्याकाळी चावडीवर चिलीम ओढणारा आणि बायकामुलांना उपाशी ठेवणारा, यांत गाव फरक करत असे. भांग पिणारा व्यापारी, कावड घेऊन निघालेला यात्रेकरू, तालमीतला पहिलवान, गोसावी आणि हमाल यांना एकाच नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. ती आणण्यासाठी त्या सगळ्यांना एकाच रकान्यात बसवणारे कुणीतरी लागणार होते.

तो रकाना पहिल्यांदा महसुलासाठी आखला गेला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने मादक द्रव्यांची विक्री परवान्याखाली आणली. गांजाची लागवडही हळूहळू ठरावीक भागांपुरती आणि सरकारी देखरेखीखाली ठेवण्यात आली. आमच्याकडे अहमदनगर, मध्य प्रांतात खांडवा आणि बंगालात राजशाहीतले नौगाव ही त्या व्यापाराची नावाजलेली ठिकाणे. या पिकाला मेहनत फार लागे. मादी झाडाला बी धरले की गांजा हलका पडतो, म्हणून फुलोरा येण्याआधी शेतातली नर झाडे शोधून उपटावी लागत, आणि ती ओळखणारे जाणकार मजुरीवर बोलावले जात. कापलेले शेंडे पसरून पायांनी तुडवायचे, दाबायचे, वाळवायचे, मग माल सरकारी कोठारात वजन करून ठेवायचा, आणि कर भरल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. शेतकरी, तुडवणारे मजूर, कोठारावरचा कारकून, मक्तेदार आणि दुकानदार या सगळ्यांचे पोट त्यावर चाले आणि सरकारी तिजोरीत भर पडे. कोठारात जे पीक उत्पन्न म्हणून मोजले जाई, तेच वेड्यांच्या इस्पितळात रोगाचे कारण म्हणून मोजले जाई. एकाच सरकारच्या दोन खात्यांतली ही विसंगती फार काळ झाकून राहणे शक्य नव्हते.

मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत विल्यम स्प्रोस्टन केन यांनी हा प्रश्न उपस्थित केला. केन हे मद्यपाननिषेधाचे कट्टर पुरस्कर्ते आणि हिंदी राजकारणाचे हितचिंतक होते. त्यांच्या आग्रहामुळे जुलै महिन्यात हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. पंजाबातले वरिष्ठ महसूल अधिकारी मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते, आणि तीन हिंदी सभासद होते: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, कपुरथळ्याचे कुंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. आयोगाने वर्षभरात १,१९३ साक्षी नोंदवल्या. कलेक्टर, डॉक्टर, मिशनरी, वकील, जमीनदार, वैद्य, हकीम, शेतकरी, दुकानदार आणि साधू या सगळ्यांना प्रश्न विचारले. ऑगस्ट १८९४ मध्ये सिमल्याहून सादर झालेला अहवाल आणि साक्षी मिळून तीन हजारांहून अधिक पाने भरली. मादक पदार्थांवर एवढी बारकाईने चौकशी त्याआधी जगात झालेली नव्हती, आणि नंतरही फार थोड्या झाल्या.

या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग मला इस्पितळांच्या तपासणीचा वाटतो. आयोगाने २२२ चा आकडा जसाच्या तसा मान्य केला नाही. एकेक रुग्णाचे कागद मागवले, तो कुठून आला, त्याला कुणी पकडले, त्याच्या घरच्यांचे काय म्हणणे आहे, याची स्थानिक पातळीवर फेरचौकशी केली. त्यातून बाहेर आलेली गोष्ट साधी होती, आणि तितकीच भयंकरही होती. वेड्याला इस्पितळात पाठवताना त्याच्यासोबत एक विवरणपत्र जाई, आणि त्यात वेडाचे कारण लिहिण्याचा रकाना असे. तो रकाना डॉक्टर भरत नसे. रस्त्यावर फिरणाऱ्या, स्वतःचे नाव न सांगू शकणाऱ्या माणसाला पकडून आणणारा पोलीस किंवा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतला कारकून तो भरी. कारण माहीत नाही असे लिहिले तर वरून विचारणा होण्याची धास्ती, आणि माणूस जर भणंग, बैरागी, मजूर असेल तर गांजा हे उत्तर तयारच. इस्पितळाचा प्रमुख बहुधा जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन असे, इतर शंभर कामे सांभाळून तो इस्पितळ पाही, आणि मानसिक आजारांचे खास शिक्षण त्याला नसे. तो विवरणपत्रातले कारण वार्षिक तक्त्यात उतरवून घेई. तक्ता प्रांताकडे जाई, प्रांताचा तक्ता कलकत्त्याला जाई, आणि पोलिसाचा अंदाज छापील आकडेवारी होऊन परत येई. मग पुढचा पोलीस त्याच आकडेवारीच्या भरवशावर पुढच्या माणसाच्या रकान्यात गांजा लिही. आयोगाने छाननी केल्यावर २२२ पैकी ९८ प्रकरणे उरली, आणि त्यांतही दुसरे कोणतेही कारण दिसत नाही अशी फक्त ६१. सहांतला एक म्हणून सांगितलेले प्रमाण बाविसांतल्या एकावर आले. बाकीच्यांच्या नावावर गांजा चढवला गेला तो ते कोण होते आणि कसे दिसत होते, यावरून.

गुन्ह्यांच्या बाबतीतही आयोगाला तसेच आढळले. गांजाच्या नशेत भररस्त्यात खून करणाऱ्यांच्या गोष्टी सगळीकडे सांगितल्या जात. कागद तपासल्यावर त्यांतल्या फारच थोड्या टिकल्या. अखेरीस आयोगाने म्हटले की बेताने घेणारे बहुसंख्य आहेत आणि त्यांना शरीराचा, मनाचा वा नीतीचा जाणवण्याजोगा अपाय होत नाही. अतिरेक करणाऱ्याला मात्र नक्की होतो, आणि ज्याचे मन आधीच दुबळे आहे त्याचा तोल त्याने ढळू शकतो. म्हणून बंदी नको, कर वाढवा, दुकाने कमी करा, लागवडीवर नजर ठेवा, जवळ बाळगण्याला मर्यादा घाला. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्यासारख्या अधिक घातक गोष्टीकडे वळतील, हा इशाराही त्यात होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ज्या सरकारला गांजाच्या करातून पैसा मिळत होता, त्यानेच नेमलेल्या आयोगाने बेताने घेतलेला गांजा निरुपद्रवी ठरवला, यावर विश्वास का ठेवायचा? राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या, हेही विसरता येणार नाही. महसुलाचा मोह आयोगाच्या शिफारशींवर पडला नसेल असे मी म्हणणार नाही. कर वाढवा या सल्ल्यात तिजोरीची सोय उघड आहे. पण इस्पितळांच्या आकड्यांना ही शंका लागू पडत नाही. तिथे आयोगाने सरकारच्याच पोलिसांचे, कारकुनांचे आणि सर्जनांचे काम निकामी ठरवले, आणि कसे निकामी ते एकेका प्रकरणानिशी छापले. शिफारस पटो वा न पटो, तपासणीची ही पद्धत नाकारण्याजोगे कारण कुणी दिलेले नाही. भिन्नमतपत्रिका छापल्या गेल्या, विरोधी साक्षी छापल्या गेल्या. त्यामुळे आज आपल्याला आयोगाशी भांडता येते, ते त्याच्याच कागदांच्या आधाराने.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे. व्यसनाविरुद्धचा राग इंग्रजांनी शिकवलेला नाही, तो आमच्या समाजसुधारकांचा आणि देशभक्तांचा वारसा आहे, असे कुणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या दारूदुकानांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन केले. १९१९ च्या 'एकच प्याला'ने मराठी प्रेक्षकाला रडवले. पण या वारशाकडे नीट पाहावे. फुल्यांची तक्रार दुकानाविरुद्ध होती आणि दुकानाला परवानगी देणाऱ्या सरकारविरुद्ध होती. पिणारा गरीब त्यांच्या लेखी लुटला गेलेला माणूस होता. टिळकांचे स्वयंसेवक गुत्त्यासमोर उभे राहिले, ते पिणाऱ्याला तुरुंगात घाला असे म्हणायला नव्हे. 'एकच प्याला'चा नायक सुधाकर हा सभ्य, हुशार वकील आहे, आणि त्याच्याबद्दल वाटणाऱ्या कळवळ्यावरच ते नाटक उभे आहे. हा सगळा राग विकणाऱ्यावर आणि त्यातून पैसा करणाऱ्यावर होता. पुढे स्वतंत्र भारतात तो घेणाऱ्यावर वळला, आणि या वळणाची जबाबदारी फुले-टिळकांवर टाकता येत नाही.

ते वळण कसे आले याची वाट लांबून, जिनिव्हाहून येते. १९२४-२५ च्या दुसऱ्या अफू परिषदेत इजिप्तचे प्रतिनिधी डॉ. एल गिंदी यांनी हशीशवर जागतिक बंदीची मागणी केली. त्यांच्या देशातल्या वेडाच्या रुग्णांपैकी तीस ते साठ टक्के हशीशमुळे वेडे झालेले आहेत, असे त्यांनी सांगितले. तेव्हा हिंदुस्थानातली तपासणी छापून तीस वर्षे झालेली होती. तरीही इस्पितळाच्या नोंदवहीतून आलेला आकडा पुन्हा एकदा पुरावा म्हणून मांडला गेला, आणि १९२५ च्या करारात भारतीय गांजाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. १९६१ च्या जागतिक करारात गांजा हेरॉईनच्या पंक्तीला, सर्वांत कडक परिशिष्टात जाऊन बसला. भारताला पाने आणि बिया व्याख्येबाहेर ठेवून घेता आल्या, आणि औषधाखेरीज होणारा वापर पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत मिळाली. ती १९८९ मध्ये संपणार होती. मुंबई राज्याने त्याआधीच, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने, सेवन हाच गुन्हा ठरवला होता. मग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, हे हेरॉईनचेच एक रूप आले. दादर-भायखळ्याच्या पुलांखाली, धोब्याच्या हौदामागे, स्टेशनांच्या कडेला चांदीचा कागद तापवून धूर ओढणारी पोरे दिसू लागली, आणि त्या हादऱ्यातच ऑगस्ट १९८५ मध्ये लोकसभेत आलेले अमली पदार्थांचे विधेयक महिनाभराच्या आत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. हेरॉईनची भीती खरी होती. ते शरीराचा ताबा घेते, अतिमात्रेने माणूस जागच्या जागी मरतो. पण कायद्याच्या चौकटीत आणि त्याहून अधिक लोकांच्या मनात गांजा ओढणारा आणि गर्द ओढणारा एक झाले, आणि गर्दुल्ल्याबद्दलची दहशत पहिल्यांदा चिलीम हातात घेतलेल्या पोरालाही चिकटली. १८९२ च्या कारकुनाने बैरागी, हमाल आणि पिसाट यांना एकाच रकान्यात घातले होते. शंभर वर्षांनी तेच काम वर्तमानपत्रांनी आणि पालकसभांनी केले.

या कलंकाचे ऐपतीशी असलेले नाते कायद्यातच कोरलेले आहे. एकाच झाडाची पाने म्हणजे भांग, ती राज्याच्या अबकारी कायद्याखाली येते. वाराणसीत वा जैसलमेरात तिची सरकारमान्य दुकाने आहेत, महाराष्ट्रात परवाना लागतो. त्याच झाडाचे शेंडे म्हणजे गांजा, आणि तिथे केंद्राचा फौजदारी कायदा लागतो. पाने आणि शेंडे यांतल्या जोरात फरक आहे हे मान्य, पण तेवढ्यानेच रेघ ओढली गेली असे मानायला मी तयार नाही. १८९४ चा अहवालच नोंदवतो की भांग सगळ्या वर्गांत, वरच्या वर्गांतही, प्यायली जाते आणि गांजा मुख्यतः कष्टकरी आणि साधू-फकीर ओढतात. सणाला ठंडाई पिणाऱ्याचा पदार्थ वाचला, आणि राबणाऱ्याचा गुन्हा झाला. आजही तसेच चालते. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईच्या न्यायालयांतल्या २०१७ आणि २०१८ च्या प्रकरणांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ सगळे खटले विक्रीचे नसून केवळ सेवनाचे निघाले, त्यांतले बहुतेक गांजाचे, आणि आरोपींमध्ये रोजंदारीवर जगणाऱ्या, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणाऱ्यांचा भरणा मोठा. उंच इमारतींतल्या मैफिली पोलिसांच्या वाटेत सहसा येत नाहीत. आल्या तर त्याचा तमाशा होतो. २०२० मध्ये एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी तरुण माणसांचे खासगी संदेश दिवसेंदिवस पडद्यावर वाचून दाखवले, त्यात चौकशीपेक्षा नालस्ती जास्त होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला १९६१ च्या सर्वांत कडक परिशिष्टातून बाहेर काढले. २७ विरुद्ध २५ मतांनी झालेल्या त्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले होते. आपल्याकडे ती बातमी आली आणि गेली.

यावर तिसरा आक्षेप वैद्यकाचा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आजचा गांजा १८९४ चा नाही. बँकॉकहून येणारा, कृत्रिम प्रकाशात वाढवलेला जोरदार माल मुंबईच्या विमानतळावर वरचेवर पकडला जातो. कोवळ्या वयात सुरू केलेला, रोजचा, तीव्र मालाचा वापर आणि गंभीर मानसिक आजार यांचा संबंध अलीकडच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळला आहे, आणि घराण्यात असा आजार असेल तर धोका वाढतो. हे खरे आहे आणि प्रत्येक तरुणाला ते ठाऊक असले पाहिजे. पण आयोगाने अतिरेकाबद्दल आणि आधीच दुबळ्या मनाबद्दल जे म्हटले होते, त्याच दिशेचे हे ज्ञान आहे, फक्त अधिक नेमके. ते आपल्याला वय, मात्रा, तीव्रता आणि घराण्याचा इतिहास विचारायला शिकवते. कलंक यांतले काहीच विचारत नाही. एकदा सणाला घेतलेली भांग, महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढलेला गांजा आणि सकाळी उठल्यापासून लागणारी चिलीम, हे त्याच्या लेखी एकच. म्हणून वैद्यकाचा आधार घेऊन कलंकाचे समर्थन करता येत नाही.

उरतो तो व्यवहारी माणसाचा युक्तिवाद: लाज वाटते म्हणून तरी पोरे दूर राहतात. काही राहत असतील. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले भारतीय सुमारे तीन कोटी दहा लाख आहेत, आणि त्यांतले सुमारे एक कोटी तीस लाख बंदी असलेला गांजा-चरस घेतात. लाज आणि तुरुंग दोन्ही असताना एवढे. याच पाहणीत दिसले की बेकायदा पदार्थांच्या खऱ्या अर्थाने आहारी गेलेल्यांपैकी विसांतला एकच कधी उपचारासाठी दाखल झालेला असतो. सोयी अपुऱ्या आहेत हे त्याचे एक कारण. दुसरे कारण व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणारे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत: माणूस येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण आधीची वर्षे लपवण्यात गेलेली असतात, त्याची आणि त्याच्या आईवडिलांचीही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केले, ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. ज्या प्रकारच्या संस्थेच्या नोंदवहीत शंभर वर्षांपूर्वी गांजेकसाचे नाव एका पोलिसाच्या अंदाजाने चढत होते, तशाच संस्थेच्या आवारात व्यसनी माणसाला नावाने हाक मारून, त्याची हकिगत ऐकून, आजारी माणूस म्हणून वागवले गेले. गर्दच्या लाटेच्या ऐन भरात, गर्द ओढणाऱ्यांसाठी हे केले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. सर्वांत भयंकर पदार्थाच्या बाबतीत जे शक्य झाले, ते त्याहून सौम्य पदार्थाच्या बाबतीत अशक्य आहे असे म्हणण्याला जागा नाही.

आजच्या कायद्यातही एक दार उघडे आहे. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले आणि ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. महाविद्यालयांच्या फलकांवर शिक्षेची कलमे ठळक अक्षरांत लावलेली असतात. प्राचार्यांनी, वसतिगृहांच्या अधीक्षकांनी आणि पालक संघांनी त्याच फलकावर हे कलमही लावावे, आणि त्याखाली व्यसनमुक्तीच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक लिहावा. तो १४४४६ आहे आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.